पोत्यावर २२ टक्के प्रथिनं, तरी दूध उतरलं. पशुखाद्याची चिठ्ठी नेमकी वाचायची कशी?

गोठा_हातोद (इंदूर)

नमस्कार मंडळी. आम्ही हातोदच्या बाजूला राहतो. घरची शेती आहे, गोठ्यात तीन गाई, दोन म्हशी आणि एक तीन महिन्यांचं पारडू. दूध डेअरीला जातं, फॅटवर पैसे मिळतात. गोठ्याचं सगळं मी आणि सासूबाई बघतो.

दसऱ्याला आम्ही खुराकाचं पोतं बदललं. जुनं ५० किलोचं पोतं १३५० रुपयांना मिळायचं. दुकानदारानं नवं दाखवलं, तेही ५० किलोचं, किंमत १२९०. वर भल्यामोठ्या अक्षरांत ‘प्रथिनं २२ टक्के’. जुन्यावर २० होतं. जास्त प्रथिनं आणि साठ रुपये कमी, म्हणून लगेच घेतलं. महिन्याभरात मोठी गाय दिवसाला ११ लिटरवरून ९ वर आली. म्हशींचं फॅट ७.२ लागायचं, ते ६.४ वर आलं. जनावरं आजारी नाहीत. डॉक्टर येऊन बघून गेले, जंताचं औषधही झालं आहे.

पोत्याच्या तोंडाशी शिलाईत एक कागदी चिठ्ठी शिवलेली असते. आपण दोरा ओढतो आणि चिठ्ठी दोऱ्याबरोबर निघून जाते. सासूबाई ते दोरे वालाच्या वेलाला बांधायला जपून ठेवतात. काल त्यांच्या टोपलीत दोन्ही पोत्यांच्या चिठ्ठ्या सापडल्या, दोऱ्याला तशाच लटकलेल्या. जसं लिहिलंय तसं उतरवते.

नवं पोतं: ओलावा कमाल ११ टक्के. कच्चे प्रथिन किमान २२. कच्चे स्निग्ध किमान २.५. कच्चे तंतू कमाल १२. आम्लात न विरघळणारी राख कमाल ४. युरिया कमाल १. खाली बारीक अक्षरांत, ‘ओलावा आणि युरिया सोडून बाकी आकडे कोरड्या भागावर’.

जुनं पोतं: ओलावा ११. प्रथिन २०. स्निग्ध ३. तंतू ९. राख २.५. युरियाचं नाव नाही. तेही कोरड्या भागावर.

या आकड्यांचा अर्थ काय? २२ हे २० पेक्षा जास्त असूनही दूध का उतरावं? कुणी नीट समजावून सांगेल का?

शेतकरी_देपालपूर

ताई, एवढा विचार करू नका. रोज अर्धा किलो कपास्याची खली (सरकीची पेंड) वाढवा, फॅट आपोआप वर येईल. आम्ही तेच करतो.

निवृत्त_पशुपोषण (ग्वाल्हेर)

थांबा, खली वाढवण्याची घाई नको. ताईंनी चिठ्ठी पूर्ण उतरवून दिली हे फार चांगलं केलं. मी नोकरीभर जनावरांच्या आहाराचं काम केलं, पण शंभरातल्या नव्वद जणांकडे ही चिठ्ठी मागितली की ‘फेकली’ हेच उत्तर मिळायचं. आता एकेक आकडा घेऊ.

आधी ‘कच्चे प्रथिन’. प्रयोगशाळेत प्रथिन थेट मोजत नाहीत, नत्र मोजतात. प्रथिनांत साधारण १६ टक्के नत्र असतं, म्हणून नत्राच्या आकड्याला ६.२५ नं गुणतात आणि आलेल्या आकड्याला कच्चे प्रथिन म्हणतात. ते नत्र सोयाबीनमधून आलं की दुसऱ्या कशातून, हे त्या आकड्याला कळत नाही.

आता युरिया बघा. शेतात टाकतो तोच, ४६ टक्के नत्राचा. ४६ गुणिले ६.२५ म्हणजे २८७.५. म्हणजे १०० किलो खाद्यात १ किलो युरिया घातला की चिठ्ठीवरचं प्रथिन जवळजवळ २.९ नं वाढतं. पेंडेचा एक दाणाही जास्त न घालता.

दुसरी गोष्ट, ‘कोरड्या भागावर’. खाद्यातलं पाणी वजा करून उरलेल्या मालावर काढलेला आकडा. यात गैर काही नाही, शास्त्रात असंच मोजतात. पण तुम्ही घमेल्यात टाकता ते पाण्यासकट. ११ टक्के ओलावा धरला तर २२ चे होतात १९.६. त्यातून युरियाचे २.९ काढा, राहिले १६.७. जुन्या पोत्यात २० चे होतात १७.८, आणि तिथे युरिया नाही. म्हणजे खऱ्या पेंडीधान्याचं प्रथिन जुन्या, २० लिहिलेल्या पोत्यातच जास्त होतं.

युरिया म्हणजे विषच, असं मात्र समजू नका. रवंथ करणाऱ्या प्रौढ जनावराच्या मोठ्या पोटात कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात. ते युरियाच्या नत्रापासून स्वतःचं शरीर बनवतात, आणि पुढे तेच सूक्ष्मजीव पचून जनावराला प्रथिन मिळतं. पण त्यांना त्याच वेळी ऊर्जा लागते, मका, ज्वारी, गूळमळीसारखी. नुसत्या सुकल्यावर (वाळलेल्या चाऱ्यावर) असलेल्या जनावराला युरिया दिला तर बरंचसं नत्र लघवीवाटे निघून जातं.

मग ऊर्जा किती, हे चिठ्ठीवर कुठे आहे? कुठेच नाही. तिथे तंतू आणि राख यांवरूनच अंदाज करावा लागतो. तंतू ९ वरून १२ वर गेले म्हणजे धान्य कमी झालं आणि साल, टरफल, भुश्शाचा भाग वाढला. आम्लात न विरघळणारी राख म्हणजे सरळ भाषेत वाळू आणि सिलिका. भाताच्या तुसात सिलिका भरपूर असते, म्हणून तंतू आणि ही राख दोन्ही एकदम वाढले की मला तुसाची शंका येते. ४ टक्के राख म्हणजे ५० किलोच्या पोत्यात जवळपास पावणेदोन-दोन किलो असा माल, ज्यातून जनावराला काहीच मिळत नाही.

‘किमान’ आणि ‘कमाल’ हेही बघून घ्या. प्रथिन आणि स्निग्धाला किमान लिहितात, कारण ते कमी पडता कामा नये. तंतू, राख, ओलावा यांना कमाल, कारण ते वाढता कामा नयेत. आपण पहिला आकडा बघून खूश होतो आणि बाकीचे चार वाचत नाही.

गोठा_हातोद (इंदूर)

काका, हे वाचून मी वही काढली आणि पुन्हा मांडलं. बरोबर १६.७ आले. इतकी वर्षं पोती घेतोय, पण हा हिशोब कुणीच सांगितला नव्हता.

दाणापाणी_बडोदे

ताई, याच हिशोबाला पुढे पैशाची जोड द्या. आमच्याकडे बडोद्याला सगळे याला ‘दाण’ म्हणतात, आणि सहकारी मंडळीत दाणाचं पोतं घेताना जुनी माणसं हेच तोंडी करतात.

नवं पोतं १२९० ला ५० किलो, म्हणजे २५.८० रुपये किलो. चिठ्ठीवरच्या २२ नं भागलं तर प्रथिन किलोला ११७ रुपये पडलं. जुनं २७ रुपये किलो, २० नं भागलं तर १३५. इथे नवं पोतं १८ रुपयांनी स्वस्त दिसतं. आता काकांनी काढलेले खरे आकडे घ्या. २५.८० भागिले १६.७ टक्के म्हणजे १५४ रुपये, आणि २७ भागिले १७.८ टक्के म्हणजे १५२. स्वस्त होतं तेच दोन रुपयांनी महाग निघालं, आणि वर तूस-वाळू वेगळी.

आणखी एक. आमच्या शेजारी, आणंदजवळ कंजरीला खेडा जिल्हा संघाचा पशुखाद्याचा कारखाना आहे. त्याचं उद्घाटन ३१ ऑक्टोबर १९६४ ला लालबहादूर शास्त्रींनी केलं. पंतप्रधान आदल्या रात्री अजरपुरा नावाच्या खेड्यात एका शेतकऱ्याच्या घरी मुक्कामाला राहिले होते, लोकांशी बोलत बसले होते. त्यातूनच पुढच्या वर्षी, १९६५ ला, राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ उभं राहिलं. माझे वडील हे सांगताना नेहमी म्हणायचे, दुधाच्या एवढ्या मोठ्या कामाची ठिणगी दाणाच्या कारखान्यावर पडली. दूध गाईच्या कासेत येतं, पण तयार गव्हाणीत होतं, हे त्या लोकांना तेव्हाच कळलं होतं.

कुणाला खाद्य तपासून घ्यायचं असेल तर आणंदला त्याच मंडळाची ‘काफ’ ही प्रयोगशाळा आहे, तिथे पशुखाद्याचे नमुने तपासतात. तुम्हाला इंदूरहून महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडेल, आधी तिथे विचारा.

छावनी_आडत (इंदूर)

मी खली-चापडचा धंदा करतो, म्हणून दुकानदाराच्या बाजूनंही थोडं लिहितो. गिऱ्हाईक दुकानात येतं आणि पहिला प्रश्न भावाचा करतं, दुसरा पोत्याच्या रंगाचा. चिठ्ठी मागणारा महिन्यातून एक. मग विकणारा मोठ्या अक्षरांतला आकडाच दाखवणार. तुम्ही मागायला लागा, आम्ही दाखवायला लागू.

दुसरं, भरती, म्हणजे पोत्यातलं वजन, बघून भाव करा. तयार दाण्याचं पोतं बहुधा ५० किलोचं, पण इंदूरच्या बाजारात कपास्या खलीचा भाव ६० किलो भरतीवर निघतो. दोन पोत्यांचे भाव समोरासमोर ठेवून ‘हे महाग’ म्हणणारे रोज येतात. आधी किलोवर आणा, मग बोला.

आणि खली फोडून बघा. ताज्या खलीला तेलकट, गोडसर वास येतो. कुबट वास आला, आत हिरवट-काळे ठिपके दिसले किंवा ढेप आतून गरम लागली तर भाव काहीही असो, घेऊ नका.

निवृत्त_पशुपोषण (ग्वाल्हेर)

छावनीच्या बंधूंनी शेवटचं वाक्य लिहिलं त्याबद्दल त्यांचे आभार. त्या ठिपक्यांवर पुढे लिहितो. आधी ताईंना दोन प्रश्न. नवं पोतं एकदम सुरू केलं की हळूहळू? आणि पोत्याशिवाय घमेल्यात आणखी काय पडतं?

गोठा_हातोद (इंदूर)

काका, एकदम. जुनं संध्याकाळी संपलं, नवं सकाळी सुरू.

घमेल्यात पोत्यातला खुराक, थोडी चापड (महाराष्ट्रातल्यांसाठी, म्हणजे गव्हाचा कोंडा), मूठभर मीठ. आणि आमचं सोयाबीन निघाल्यापासून घरच्याच सोयाबीनचा भरडा, प्रत्येक म्हशीला अर्धा किलो. भाव उतरला होता, वाटलं विकण्यापेक्षा जनावरांच्या पोटात जाऊ दे. सगळं कोमट पाण्यात कालवून तासभर भिजत ठेवतो, मग धार काढायच्या वेळी देतो.

आत्ता लिहिताना एक लक्षात आलं. नवं पोतं लागल्यापासून त्या घमेल्यातून डोळ्यांना झोंबणारा वास येतो. सासूबाई म्हणाल्या, आंबलं असेल. म्हशी तोंड घालतात आणि बाजूला होतात, निम्मं आंबोण तसंच राहतं. उरलेलं पारडू चाटतं. भिजवण्याची रीत आमच्याकडे पिढ्यानपिढ्याची आहे, म्हणून तिकडे लक्षच गेलं नाही.

निवृत्त_पशुपोषण (ग्वाल्हेर)

ताई, कच्च्या सोयाबीनचा भरडा आजपासून बंद करा. आणि पारड्याला ते घमेलं दाखवू नका. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

आता कारण. कच्च्या सोयाबीनमध्ये युरीएज नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं. युरियाला ते झपाट्यानं फोडतं आणि त्यातून अमोनिया सुटतो. तुम्ही कोमट पाणी, तासभर वेळ, युरिया असलेला खुराक आणि कच्चं सोयाबीन, चारही गोष्टी एका घमेल्यात एकत्र केल्या. तो झोंबणारा वास आंबल्याचा नाही, अमोनियाचा आहे. म्हशी शहाण्या, त्यांनी तोंड फिरवलं. तुमचं दूध उतरण्याचं अर्धं उत्तर त्या उरलेल्या आंबोणात आहे. पोटात गेलंच नाही तर कासेत कुठून येणार?

तुमच्या मापात युरिया थोडा आहे, म्हणून मोठ्या जनावराच्या जिवावर बेतलं नाही. पण कुणी घरीच युरिया जास्त घातला, किंवा तो एका जागी गोळा होऊन राहिला आणि वर कच्चं सोयाबीन पडलं, तर अमोनिया रक्तात चढतो. जनावर थरथरतं, तोंडाला फेस येतो, पोट फुगतं, श्वास लागतो. हे तासाभरात होतं. तेव्हा वेळ न घालवता डॉक्टर बोलवायचा. थंड पाणी आणि सिरका हा त्यावरचा ठरलेला उपाय आहे, पण धापत्या जनावराच्या घशात तो आपण ओतू नये. चुकून फुप्फुसात गेला तर दुसरंच संकट.

पारड्याचं वेगळंच. तीन महिन्यांच्या पारड्याचं मोठं पोट अजून पुरतं कामाला लागलेलं नसतं. युरियाचं नत्र वापरणारे सूक्ष्मजीव तिथे पुरेसे नसतात. वासरापारड्यांना, घोड्याला, कोंबडीला युरियाचा खुराक द्यायचा नाही. चिठ्ठीवर युरियाची ओळ असते ती याचसाठी वाचायची.

सोयाबीन वाईट आहे असं कुणी समजू नये. तुमच्या इंदूरलाच खंडवा रोडवर सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. कच्च्या दाण्यात पचनाला अडवणारी द्रव्यं असतात, नीट भाजलं किंवा उकडलं की ती आणि युरीएज दोन्ही निकामी होतात. कारखान्यातली सोया डीओसी, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, वाफेवर शिजलेली असते, म्हणून ती चालते. ती पुरेशी शिजली की नाही हे तपासायलाही प्रयोगशाळेत युरीएजच मोजतात.

आणि यातूनच तुम्हाला एक घरची चाचणी मिळाली. कुठल्या खाद्यात युरिया आहे का, अशी शंका आली तर मूठभर खाद्य वाटीत घ्या, कच्च्या सोयाबीनचं पीठ चमचाभर, वर कोमट पाणी, आणि झाकून अर्धा-पाऊण तास ठेवा. झाकण काढल्यावर नाकाला झोंबलं तर समजा युरिया आहे. किती आहे, ते नाकाला कळणार नाही. आणि ती वाटी जनावरापासून दूर नेऊन मातीत ओता.

शेतकरी_देपालपूर

काका, मी वर खली वाढवा म्हणून लिहिलं होतं. मलाही हे ठाऊक नव्हतं. आमच्याकडेही सोयाबीनचा भरडा चालतो. आज घरी गेल्यावर पोत्याची चिठ्ठी बघतो.

पाव_लिटर (इंदूर, राजवाडा)

माझ्या घरी गाय नाही, वाड्यात गॅलरीत तुळस तेवढी आहे. पण धागा पहिल्यापासून वाचतेय. आमच्याकडे दोन लहान मुलं आहेत, रोज दीड लिटर दूध लागतं. आडतवाल्या दादांनी खलीतल्या हिरवट-काळ्या ठिपक्यांचं लिहिलं आणि काका म्हणाले पुढे सांगतो. त्या ठिपक्यांचं दुधात काही येतं का? दूध उकळलं की जातं का?

निवृत्त_पशुपोषण (ग्वाल्हेर)

ताई, येतं. आणि उकळून जात नाही. म्हणूनच हा प्रश्न गोठ्याबाहेरच्यांनीही विचारायला हवा.

मका, शेंगदाणा पेंड, कपास्या खली यांत ओल राहिली की अस्परजिलस नावाची बुरशी धरते. तिच्यातून अफ्लाटॉक्सिन बी-१ तयार होतं. गाईनं ते खाल्लं की यकृतात त्याचं एम-१ होतं आणि त्याचा थोडा भाग दुधात उतरतो. भारतात दुधात एम-१ किलोला अर्ध्या मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नये, असा नियम आहे. अर्धा मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाचा निम्मा. त्यावरून ही वस्तू किती जहाल आहे ते बघा. दिलासा एवढाच, बुरशीचं खाद्य बंद केलं की काही दिवसांतच दुधातलं प्रमाण खाली येतं.

चिठ्ठीवरचा ‘ओलावा कमाल ११’ हा आकडा म्हणून महत्त्वाचा. लोकांना वाटतं, ओलावा म्हणजे पाण्याचे पैसे गेले एवढंच. खरी भीती बुरशीची. पोतं कारखान्यातून कोरडं निघालं तरी आपण ते गोठ्यातल्या ओल्या फरशीवर, भिंतीला टेकवून ठेवतो. खाली लाकडी फळ्या ठेवा, भिंतीपासून हातभर लांब ठेवा, पावसाळ्यात महिन्याभराच्या वर साठा करू नका. चिठ्ठीवर तयार केल्याची तारीख असते, तीही बघा. बुरशी आलेलं पोतं उन्हात वाळवून वापरतात, तसं करू नका. बुरशी मरते, तिचं विष राहतं.

पाव_लिटर (इंदूर, राजवाडा)

काका, धन्यवाद. आमच्या दूधवाल्या भैयांना उद्या पोतं कुठे ठेवतात ते विचारते. गाईला गणपतीनंतर, पितृपक्षात आम्ही पोळ्या-भात देतो तेही नीट करायला हवं का? आमच्या बोळातल्या गाईसमोर अमावस्येला पोळ्यांचा ढीग पडतो.

निवृत्त_पशुपोषण (ग्वाल्हेर)

एखादी पोळी श्रद्धेनं द्या, काही होत नाही. ढीग मात्र घातक. शिजलेलं पीठ-भात एकदम पोटात गेलं की आम्ल फार वाढतं, रवंथ थांबतं, जनावर दगावतंही. शिळं, आंबलेलं, बुरशी आलेलं तर नकोच. पुण्य करायचं तर हिरव्या चाऱ्याची पेंढी घाला.

दाणापाणी_बडोदे

मला मुद्दाम एक विरोधाचा सूर लावायचा आहे. या धाग्यावरून कुणी असा निष्कर्ष काढेल की पोतं वाईट आणि घरचं मिश्रण चांगलं. मी स्वतः दोन वर्षं घरचं मिश्रण करून बघितलं. १०० किलोत मका ३५, कपास्या खली २५, सोया डीओसी १२, चापड २५, खनिज मिश्रण २, मीठ १. प्रथिनांचा हिशोब केला तर मक्यात साधारण ९ टक्के, खलीत २२, डीओसीत ४५, चापडीत १५ धरून सगळं मिळून जवळपास १८ येतं. माल चांगला होता, दूधही चांगलं होतं. पण खली प्रत्येक खेपेला वेगळी, मका कधी ओला, आणि दर आठवड्याला भरडणं, चाळणं, मिसळणं. घरात दोन बायामाणसांवर गोठा असेल तर हे झेपत नाही. चांगल्या कारखान्याचं पोतं म्हणजे आपलं हे काम कुणीतरी केलेलं असतं, त्याचे पैसे देणं मला योग्य वाटतं. फक्त चिठ्ठी वाचून द्या.

गोठा_हातोद (इंदूर)

दादा, अगदी मनातलं बोललात. मिश्रण करायला आमच्याकडे वेळ नाही. पोतंच घेणार.

खनिज मिश्रणाचं विचारायचं राहिलं. आम्ही एक स्वस्त डबा आणतो, त्यात कॅल्शियम खूप लिहिलंय.

निवृत्त_पशुपोषण (ग्वाल्हेर)

त्या डब्यावर कॅल्शियम नको, फॉस्फरसचा आकडा बघा. कॅल्शियम चुनखडीतून स्वस्तात मिळतं, फॉस्फरस महाग असतो. स्वस्त डब्यात तोच कमी केलेला सापडतो. मोठ्या दुभत्या जनावराला रोज ५० ग्रॅमच्या आसपास द्या. आणि गोठ्यात मेंढी असेल तर गाईचं खनिज मिश्रण तिला देऊ नका, त्यातलं तांबं मेंढीला सोसत नाही.

आता तुमच्या ११ लिटरच्या गाईचं माप सांगतो, म्हणजे पोत्याचा आकडा गव्हाणीत कुठे बसतो ते दिसेल. चारशे किलोच्या गाईला दिवसाला दहा ते बारा किलो कोरडा भाग लागतो, सगळ्या चाऱ्या-दाण्याचा मिळून, पाणी वजा करून. खुराकाचं जुनं ठोकमाप असं, शरीर पोसायला सव्वा-दीड किलो आणि दुधाच्या लिटरमागे ४०० ग्रॅम. म्हशीला लिटरमागे ५०० ग्रॅम, कारण तिचं दूध घट्ट. पण हिरवा चारा चांगला असेल तर हे कमी करता येतं. बरसीम धरा. १० किलो बरसीममध्ये पाणी वजा जाता दीड किलो माल राहतो, त्यात १६ टक्के प्रथिन म्हणजे २४० ग्रॅम. २० टक्क्यांच्या एक किलो दाण्यात २०० ग्रॅम. म्हणजे बरसीमचा एक भारा एका किलो दाण्याच्या प्रथिनांची भर काढतो. ग्वाल्हेरला थंडीत आमचे गवळी बरसीम आणि मोरेना-भिंडकडची सरसोंची खली यांवरच दूध काढतात. कोवळी, दवानं भिजलेली बरसीम उपाशी पोटी घालू नका, पोट फुगतं. आधी सुकला, मग बरसीम, किंवा दोन्ही कुट्टी करून एकत्र.

सुकला बंद करायचा विचारही करू नका. म्हशीचं फॅट लांब तंतूंच्या चाऱ्यातून, रवंथातून येतं. दाणा वाढवला आणि चारा घटला की दूध एखादे वेळी वाढतं, पण फॅट पडतं.

नवं पोतं बदलायचं तर आठ-दहा दिवसांत. रोज थोडं जुनं कमी, थोडं नवं जास्त. पोटातल्या सूक्ष्मजीवांना नव्या अन्नाची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो.

छावनी_आडत (इंदूर)

पोत्यावर आयएसआयचा शिक्का आणि आयएस २०५२ हा क्रमांक असेल तर तेही बघा, गाईम्हशींच्या मिश्र खाद्याचं मानक आहे ते. त्यात टाइप १ ला किमान २२ टक्के प्रथिन आणि टाइप २ ला किमान २०. टाइप कुठला, ते लिहिलेलं असतं. नुसतं मोठ्या अक्षरांत ‘सुपर’ किंवा ‘गोल्ड’ लिहिलं म्हणजे तो टाइप नव्हे.

गोठा_हातोद (इंदूर)

तीन आठवडे झाले, म्हणून पुन्हा लिहितेय.

सोयाबीनचा भरडा त्याच दिवशी बंद केला. राहिलेलं सोयाबीन छावनीच्या बाजारात विकलं. पारड्याला वेगळी बादली केली. काकांची वाटीची चाचणी मी आणि सासूबाईंनी मिळून केली, दोन वाट्यांत दोन पोत्यांचं खाद्य, मागच्या पडवीत. नव्या पोत्याच्या वाटीचं झाकण काढलं तसं सासूबाईंनी पदर नाकाला लावला. जुन्याच्या वाटीला नुसता भिजल्या पेंडेचा वास.

मग एक काचेचा पेला पाण्यानं भरून त्यात मूठभर नवं खाद्य विरघळवून ठेवलं. वर सालं तरंगली, मधे गढूळ पाणी, आणि तळाशी करंगळीच्या नखाएवढा थर. पाणी ओतून तो थर बोटांत घेऊन चोळला तर कचकच वाळू. पोतं एकच तपासलं, म्हणून सगळ्या मालाबद्दल मी बोलणार नाही. दुकानदाराला दोन्ही चिठ्ठ्या दाखवल्या. त्यानं वाद न घालता उरलेली दोन बंद पोती परत घेतली.

जुनं पोतं पुन्हा सुरू केलं, या वेळी नऊ दिवसांत हळूहळू. पोती आता फळीवर आहेत. बरसीमची पहिली कापणी झाली, ती सुकल्याबरोबर कुट्टी करून देतो. खुराक पूर्वी डब्यानं अंदाजे टाकायचो, आता तराजूवर टाकतो. तेव्हा कळलं की आमचा ‘दोन किलोचा’ डबा दीड किलोचाच आहे. मोठी गाय काल साडेदहाला आली. एका म्हशीचं फॅट ७ लागलं, दुसरीचं अजून ६.७ वर आहे, ती व्यायला आता सहा महिने होऊन गेले.

सासूबाईंनी टोपलीतल्या जुन्या चिठ्ठ्या शोधून तारखेप्रमाणे एका खिळ्याला टोचून ठेवल्या आहेत. दोरे वालाच्या वेलाला गेले.

काका, त्या दुसऱ्या म्हशीला दाणा वाढवू की चारा?

निवृत्त_पशुपोषण (ग्वाल्हेर)

ती किती लिटर देते, वजन साधारण किती आणि दिवसात किती वेळ रवंथ करत बसते, हे दोन दिवस बघून लिहा. मग सांगतो. तोवर दाणा आहे तेवढाच ठेवा.